सात खण, सात मुठी

४ नोव्हेंबर, मंगळवार

महिनाअखेरपर्यंत साहेबांना लेखी कळवायचं आहे, की मी खिडकीवर परत येणार, का कायमची गोदामात राहणार. आज चार तारीख. म्हणजे सव्वीस दिवस.

जे झालं ते एकदाच सरळ लिहून टाकते, म्हणजे रोज रोज आडून आडून लिहावं लागणार नाही. सतरा ऑक्टोबरला सकाळी अकराच्या सुमाराला, रुग्णालयाच्या औषधखिडकीवर, मी एका म्हाताऱ्या बाईंच्या पिशवीत थायरॉइडच्या पंचवीस मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांऐवजी सव्वाशेच्या गोळ्या ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या. खोकी सारखीच, कडेची पट्टी तेवढी वेगळी. पिशवी बाईंच्या हातात जाण्याआधी शेजारच्या खिडकीवरच्या सहकारिणीने, सगळे गोगलगाय म्हणतात तिने, ती उचलली, चिठ्ठीशी ताडून पाहिली आणि माझ्यासमोर ठेवली. कुणाला काही झालं नाही. बाईंना कळलंही नाही. नोंदवहीत मीच लिहिलं, साहेबांकडे मीच गेले, गोदाम मीच मागून घेतलं. साहेब म्हणाले, महिनाभर बसा, मग बघू.

बावीस वर्षांतली पहिली चूक. ‘पहिली’ लिहिलं खरं, पण प्रामाणिकपणे ‘पहिली सापडलेली’ एवढंच म्हणता येईल. माझं तपासत होतं कोण? मी सगळ्यांत जुनी, सगळ्यांत भरभर. ‘गोगलगाय’ हे नावही मीच ठेवलेलं. ती प्रत्येक पिशवी दोनदा वाचते म्हणून तिच्या रांगेतली माणसं कंटाळून माझ्या रांगेत येत. मला त्याचं बरं वाटायचं, हेही लिहून ठेवते.

आजची दुसरी गोष्ट सासूबाईंच्या कपाटाची. त्या चाळीस वर्षं कपडे शिवण्याच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर होत्या. खोलीत खिडकीपाशी त्यांचं सात खणांचं बुटकं कपाट आहे. बटणं, दोरे, हूक, शिवताना बोटात घालायची अंगुस्तानं, चष्मे, किल्ल्या, औषधं, असे सात खण. गेल्या दोन-अडीच आठवड्यांपासून कुठल्या खणात काय हे त्यांना आठवेनासं झालं आहे. मी घरी येते तेव्हा सातही खण बाहेर ओढलेले आणि त्या मधोमध बसलेल्या. परवा मी प्रत्येक खणावर कागद चिकटवले. आज ते केराच्या टोपलीत मिळाले. म्हणाल्या, हे माझं कपाट आहे, तुझं औषधांचं दुकान नव्हे, आणि एवढी बारीक अक्षरं मला वाचताही येत नाहीत.

मग त्यांनी टेबलावरचं पेपरवेट उचललं. कारखान्यातून निरोपाच्या वेळी मिळालेलं, पारदर्शक, आत एक शिंपला असलेलं. उजेडात फिरवून म्हणाल्या, “खण ओढायला अशा मुठी कर ना मला. बटणांच्या खणाला बटणवाली, किल्ल्यांच्या खणाला किल्लीवाली. वस्तूच दिसली तर वाचायचं कशाला? तुझा हात स्थिर आहे.”

सतरा तारखेचं घरात सगळ्यांना सांगितलेलं आहे, त्यांनाही. विसरल्या असणार. मी हो म्हटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गोदामातून तीनला सुटले आणि रंगवाल्या काकांच्या दुकानात गेले. रंग, ब्रश, माती, साचे असलं सगळं विकणारं अरुंद दुकान आहे. साचा लगेच मिळाला, सिलिकॉनचा, अर्ध्या चेंडूच्या सात वाट्यांचा. अडलं ते आत ओतायच्या रेझिनवर, म्हणजे घट्ट होऊन काचेसारखं दिसणाऱ्या द्रवावर. काकांनी पाच बाटल्या काउंटरवर मांडल्या. मी वही काढली.

पॉलिएस्टर. कडक होतं, घासून काचेसारखं चकाकतं, पण वास असा की घर सोडून जावं लागेल. सासूबाईंना आधीच धाप लागते. रद्द.

पॉलियुरेथेन. पाव तासात घट्ट, पण ओलाव्याशी वैर. दोऱ्यात, लाकडात, गोळीत थोडा तरी ओलावा असणारच, आणि तेवढ्यानेही फेस येतो. रद्द.

दिव्याच्या उजेडाने घट्ट होणारं. सोपं वाटलं, पण पातळ थरापुरतंच. बटणाच्या सावलीत उजेड पोचणार नाही आणि मूठ आतून कच्ची राहील. रद्द.

राहिलं इपॉक्सी, त्यातही दोन प्रकार. एक लेपाचं. ते जाड ओतलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, तडकतं. दुसरं साच्यात खोल ओतायचं, पाण्यासारखं पातळ नसलं तरी त्यातल्या त्यात पातळ, संथ, घट्ट व्हायला तीन दिवस घेणारं. बुडबुडे वर यायला त्यात सवड मिळते.

तीन दिवस घेणारं घेतलं. भरभर होणाऱ्या गोष्टींवर सध्या माझा विश्वास नाही.

त्याआधी मी अकरा प्रश्न विचारले. नवव्याला काका म्हणाले, “बाई, तुम्ही मुठी करताय की मूत्रपिंड बदलताय?” दहावा प्रश्न पिवळेपणाचा होता. कपाटावर दुपारचं ऊन येतं. त्यांनी सरळ सांगितलं की सगळीच इपॉक्सी कधी ना कधी पिवळी पडतात. पिवळं पडणारच नाही असं जो सांगेल त्याच्याकडून घेऊ नका. माणूस मला आवडला.

घरी येऊन पिवळेपणाचं सासूबाईंच्या कानावर घातलं. न सांगता करणं बरोबर वाटेना. म्हणाल्या, “माझ्या आधी पिवळं पडलं तर बोलू.”

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला पहिलं ओतकाम. आधी दोनच मुठी, चाचणीच्या.

टेबल खिडकीशी ओढलं, पाणसळ ठेवून सपाट केलं, पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घातला. हातमोजे घातले. नवऱ्याने दारातून डोकावून विचारलं की शस्त्रक्रियेला भूल देणारा कोण आहे.

सासूबाईंकडे कुठलंही एक बटण आणि एक हूक मागितला. वाटलं होतं अर्धा तास जाईल. त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. चार भोकांचं निळं बटण आणि पितळी हूक, दोन्ही पुसून आणलेले. आज त्यांचा दिवस चांगला होता.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत प्रमाण दिलं आहे, रेझिन दोन भाग, त्याला घट्ट करणारं हार्डनर एक भाग. घट्ट द्रव मापाच्या भांड्यात मोजायचा नसतो. तो भांड्याच्या भिंतीला चिकटून राहतो आणि माप खोटं पडतं. त्याचं वजन करायचं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हे शिकवलं तेव्हापासून मधासारखं, ग्लिसरीनसारखं काहीही मी काट्यावरच घेत आले. माझा घरचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. रेझिन चाळीस ग्रॅम, हार्डनर वीस ग्रॅम. तीनदा वजन केलं. तिन्ही वेळा आकडा तोच.

पाच मिनिटं सावकाश ढवळलं, बारीक धारेने ओतलं, बुडबुडे सुईने वर काढले. वरून झाकण. आता तीन दिवस हात लावायचा नाही.

हात थरथरला नाही, हे नोंदवून ठेवते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

साच्यातून काढल्या. पारदर्शक इतक्या, की बटण हवेत तरंगतंय असं वाटावं. पण बोट चिकटतं. निळ्या बटणावर माझ्या अंगठ्याचा ठसा असा उमटला आहे, की पोलिसांना देता येईल.

बहुधा थंडी. खोलीत अठरा अंश होते, खोक्यावर बाविसाच्या वर म्हटलं आहे. थर्मामीटर समोर असताना मी तो बघितला नव्हता. पुन्हा तेच, समोर असलेलं न बघणं.

सासूबाईंनी चिकट मूठ दाबून पाहिली. “ही दाराला लाव,” म्हणाल्या, “चोर आला तर चिकटून बसेल.”

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं ओतकाम. दोन्ही बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या. खोलीत हीटर, चोवीस अंश. ढवळायची वेळ पाचावरून आठ मिनिटांवर नेली, तळ आणि कडा खरवडून. वजन पुन्हा तीनदा. चाळीस आणि वीस.

नवऱ्याशी सासूबाईंच्या विसरण्याबद्दल बोलले. डॉक्टरांना दाखवावं का? तो म्हणाला की सकाळी तो कामावर जायला निघतो तेव्हा सगळे खण बंद असतात. म्हणजे विसरणं दुपारनंतर वाढतं. असं असू शकतं, मी वाचलं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चिकट. पहिल्यापेक्षा थोडं कमी, पण चिकट. नखाने दाबलं तर खड्डा पडतो आणि सावकाश भरून येतो, रबरासारखा.

कागदावर शक्यता मांडल्या. थंडी नाही. ढवळणं नाही. ओलावा नाही, कारण नुसत्या मिश्रणाचा थेंब वेगळा ठेवला होता, तोही चिकट. मोजणं नाही. उरतो माल. बाटली जुनी असणार, दुकानात वर्षभर उन्हात पडून राहिलेली. उद्या जाऊन सांगते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.

काकांनी मूठ अंगठ्याने दाबली, वास घेतला, बाटलीच्या तळावरची तारीख दाखवली. तीन महिन्यांपूर्वीची होती. मग ते म्हणाले, “मोजताना तुम्ही...” आणि मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. मी म्हटलं की बावीस वर्षं मी मोजण्याचंच काम करते आहे, मोजण्याबद्दल मला विचारू नका. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती दोघंही ब्रशांकडे बघायला लागली.

काकांनी नवी बाटली काढून दिली आणि जुनी ठेवून घेतली. तेवढ्याने तरी माझा राग जायला हवा होता. गेला नाही. घरी येईपर्यंत मनात वाक्यं तयार होत होती. मी एवढी कशाने तापले? ‘मोजताना’ या एका शब्दाने. त्यांनी सतरा तारखेबद्दल विचारल्यासारखं मला वाटलं, आणि त्यांना तर सतरा तारीख माहीतच नाही.

संध्याकाळी नव्या बाटलीतून तिसरं ओतकाम केलं. वजन पाच वेळा केलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गोगलगाय गोदामात आली होती, मागणीची यादी घेऊन. खरं तर यादी शिपायाबरोबर येते.

मी खोकी काढली, तिने एक एक वाचून घेतली, मोठ्याने, तिच्या त्या गतीने. मग यादीची घडी घालत म्हणाली की माझ्या जागेवर रोज वेगळं माणूस असतं आणि रांग फाटकापर्यंत जाते. परत कधी येणार असं तिने विचारलं. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ती म्हणाली की तिच्याही चुका होतात, वर्षाला दोन-तीन. फरक एवढाच की ती दुसऱ्यांदा वाचते तेव्हा त्या तिलाच सापडतात.

दारापाशी जाऊन ती वळली. “मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि नाव कुणी ठेवलं तेही. पण गोगलगाय भिंतीवरून पडलेली तू कधी बघितलीस का?”

ती हसत होती. मला हसता आलं नाही. आज पहिल्यांदा वाटलं की तिची माफी मागायला हवी. मग वाटलं, आता मागितली तर परत येण्यासाठी पायघड्या घातल्यासारखं दिसेल. हे कारण खरं आहे की पळवाट, कळत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तिसरंही चिकट.

नवी बाटली, ऊब, ढवळणं, पाच वेळा वजन. आता शक्यतांच्या कागदावर एकच ओळ उरली आहे आणि ती म्हणजे मी. काय चुकतं ते मला दिसत नाही. चुकण्यापेक्षा वाईट आहे ते हे. सतरा तारखेलाही मला दिसलं नव्हतं. पंचवीस आणि सव्वाशे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी समाधानाने पिशवीचं तोंड दुमडलं होतं.

साहेबांना पत्र लिहिलं. चार ओळींचं. प्रकृतीच्या कारणास्तव कायम गोदामात ठेवावं. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ खोडलं, कारण ते खरं नाही. दुसरं कारण सुचेना म्हणून कारणाशिवायच पत्र ठेवलं. पाकिटात घातलं आहे, चिकटवलेलं नाही.

सासूबाईंना सांगितलं की हे माझ्याने व्हायचं नाही, बाजारातून साध्या मुठी आणू. त्या दोरा ओवत होत्या. पहिल्याच प्रयत्नात ओवला आणि म्हणाल्या, “उद्या दहा वाजता ओत. मी समोर बसते.”

मी म्हटलं, तुम्ही बसून काय होणार आहे?

“काही नाही. बसते.”

२३ नोव्हेंबर, रविवार

हे सविस्तर लिहायला हवं.

दहाला सासूबाई खुर्ची घेऊन टेबलाशी बसल्या. मी काटा लावला, बाटल्या कोमट केल्या. त्यांनी आधी सांगितलं की कारखान्यात कापणीच्या टेबलाचा एक नियम होता. एकाने माप घ्यायचं आणि मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने ते कागदावर बघून परत बोलायचं. दोन्ही सारखं आलं तरच कापडाला कात्री. एका वेळी चाळीस थर कापायचे, एक बोट चुकलं तर चाळीस बाह्या आखूड. त्यांच्यासारखी जुनी कापणारी असली तरी परत बोलल्याशिवाय कात्री नाही. “उलट जुन्यांनाच जास्त. नवीन माणूस भीतीने तरी बघतो.”

मग खोकं त्यांनी स्वतःकडे ओढलं. अक्षरं बारीक आहेत म्हणाल्या, उठल्या, कपाटाकडे गेल्या, पाचवा खण ओढला, भिंग घेऊन आल्या. नशीब, पहिल्याच प्रयत्नात सापडलं.

“हं. बोल.”

“रेझिन चाळीस ग्रॅम,” मी म्हटलं.

त्यांनी भिंग खोक्यावर फिरवलं. वरून खाली, मग कडेने, मग खोकं उलटं करून तळाला. बराच वेळ, गोगलगायीसारखं.

“ग्रॅम कुठे लिहिलंय?”

मी म्हटलं, ते लिहायला लागत नाही, दोन भाग आणि एक भाग लिहिलंय ना.

“लिहिलंय. दोन भाग, एक भाग. आणि तळाला लिहिलंय : सर्व भाग मापाने घ्यावेत, वजनाने घेऊ नयेत.”

मी खोकं घेतलं. लिहिलेलं आहे. मुंगीएवढ्या अक्षरांत, पण लिहिलेलं आहे.

हार्डनर रेझिनपेक्षा हलकं असतं. वीस ग्रॅम हार्डनर मापाने बरंच जास्त भरतं. पातळ असल्यामुळे ते मापातून पुरतं निथळतंही, भिंतीला चिकटण्याची जी भीती मी बाळगली ती या प्रकारच्या रेझिनला फारशी लागूच नव्हती. मी तिन्ही वेळा जास्तीचं हार्डनर घातलं, आणि तेही दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत बिनचूक. पाच वेळा वजन केलं तेव्हा तीच चूक पाच वेळा तपासली. काटा बरोबर होता. हात बरोबर होता. मी काय बरोबर आहे ते बघत होते, काय विचारलंय ते बघतच नव्हते. आणि हे एकटीने शंभर वेळा केलं असतं तरी मला सापडलं नसतं, कारण चूक जिथे होती तिथे माझी पूर्ण खात्री होती.

काटा उचलून बाजूला ठेवला. खुणांचे दोन पेले आणले.

“रेझिन चाळीस मिलिलिटर.”

“रेझिन दोन भाग. चाळीस.”

“हार्डनर वीस मिलिलिटर.”

“हार्डनर एक भाग. वीस. मापाने. लाव कात्री,” त्या म्हणाल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कडक. नखाने टकटक केलं तर काचेचा आवाज येतो. निळं बटण आत थांबलेलं आहे, एक बुडबुडा त्याच्या कडेला, मोहरीच्या निम्मा. तो राहू दे असं सासूबाई म्हणाल्या.

साडेतीनला रंगवाल्या काकांकडे गेले. दुकानात आज गिऱ्हाईक नव्हतं. मी थोडा वेळ ब्रश बघत थांबले. मग दोन गिऱ्हाइकं आत आली, तेव्हा काउंटरवर जाऊन सांगितलं की माल चांगला होता, चूक माझी होती, मी वजनाने घेत होते. मागच्या वेळी माणसांसमोर बोलले होते, तेव्हा हेही माणसांसमोरच व्हायला हवं होतं.

काका म्हणाले, “मी तेच विचारणार होतो. वजनाने घेता की मापाने.”

“मी विचारू दिलं नाही.”

“नाही दिलं,” ते म्हणाले, आणि मी नेलेल्या बटणाच्या मुठीतून दुकानातला दिवा बघत राहिले. “पण बटण छान बसलंय.”

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उरलेल्या पाच मुठींचं ओतकाम. दोऱ्याचं रीळ आधी रेझिनमध्ये बुडवून निथळवलं, नाहीतर त्यातून हवा सुटत राहते. अंगुस्तान आडवं ठेवलं म्हणजे त्यात हवा अडकणार नाही. जुन्या चष्म्याची एक काच. एक छोटी किल्ली, जिचं कुलूप कधीच गेलं.

सातव्या खणासाठी मी बाटलीचं झाकण घेतलं होतं. सासूबाईंनी ते परत दिलं. औषधांच्या खणाला गोळीच हवी. त्याही थायरॉइडचीच गोळी घेतात, पंचवीसची, दहा वर्षं, रोज सकाळी साडेसहाला, एकदाही न चुकता. मी म्हटलं, गोळी नको. का, ते सांगितलं नाही. त्यांनी पाकिटातून एक काढून माझ्या तळहातावर ठेवली.

“पंचवीस,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

मी पाकिटावरची पट्टी वाचली. “पंचवीस.”

गोळी सच्छिद्र असते, म्हणून तिच्यावर आधी नखाला लावायच्या पारदर्शक रंगाचा पातळ थर दिला आणि तो वाळेपर्यंत थांबले. मग ओतलं. माप मी बोलले, त्या परत बोलल्या. आता मध्ये विसरत नाहीत, हे लक्षात आलं. बोलण्याचा फायदा होत असावा.

३० नोव्हेंबर, रविवार

सातही मुठी कडक. नवऱ्याने ड्रिलने भोकं पाडली, घासल्या, सकाळभर त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. खणांना मी बसवल्या, कारण मोजून एका रेषेत यायला हव्या होत्या. आल्या आहेत. दुपारी ऊन आलं तेव्हा जमिनीवर सात डाग पडले, प्रत्येकाच्या मध्ये एक सावली. सासूबाई पाय लांब करून त्या सावल्यांकडे बघत बसल्या होत्या.

पाकिटातलं पत्र फाडलं. नवीन लिहिलं, ते तसंच इथे उतरवते :

“मी एक डिसेंबरपासून खिडकीवर येण्यास तयार आहे. विनंती अशी की दोन्ही खिडक्यांवरची प्रत्येक पिशवी देण्याआधी शेजारच्या व्यक्तीने चिठ्ठीवरून मोठ्याने वाचावी आणि देणाऱ्याने ती परत बोलावी. यात माझ्या पिशव्याही आल्या. किंबहुना त्यांपासून सुरुवात व्हावी. रांग हळू चालेल याची मला कल्पना आहे.”

‘किंबहुना’ जड वाटतं, पण ठेवलं. संध्याकाळी पत्र साहेबांच्या घरी देऊन आले.

२ डिसेंबर, मंगळवार

काल पहिला दिवस, आज दुसरा. साहेबांनी पत्रावर फक्त ‘करून पाहा’ असं लिहून सही केली आहे.

काल आठ वाजता मी गोगलगायीची त्या नावाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली की आता बदलू नकोस, सवय झाली आहे, फक्त तोंडावर म्हणत जा. मग आम्ही सुरुवात केली. ती वाचते, मी परत बोलते. मी वाचते, ती परत बोलते. रांग दोन्हीकडे सारखीच लांब आणि सारखीच हळू. एका गृहस्थांनी विचारलं की ही शाळा कधी सुटणार. गोगलगाय म्हणाली, तुमची गोळी बरोबर निघाली की.

आज साडेअकराला तिने वाचलं, “थायरॉइड, पंचवीस.” माझा हात खोक्यावर होता. पट्टी बघितली. “पंचवीस,” मी म्हटलं. पिशवी गेली. एवढंच झालं. पण लिहून ठेवते.

आता मुठींबद्दल, आणि हे लिहिताना लाज वाटते. आज घरी आल्यावर दोऱ्याचा तुकडा हवा होता म्हणून रिळाच्या मुठीचा खण ओढला, तर आत किल्ल्या. किल्लीची मूठ ओढली, तर आत दोरे. रविवारी मी दोन्ही उलट बसवल्या आहेत. सगळ्या मुठी एका रेषेत आहेत का ते पाणसळ लावून बघितलं, आणि कुठल्या खणाला कुठली हे कुणाकडून बोलून घेतलं नाही. ज्या दिवशी ते पत्र लिहिलं त्याच दिवशी.

सासूबाईंना सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. तीन दिवस मुठी चुकीच्या आहेत आणि या तीन दिवसांत त्या एकदाही चुकीचा खण ओढताना मला दिसल्या नाहीत. माझ्यासमोरच, शिवण हातात, मान वर न करता त्यांनी किल्लीची मूठ ओढली आणि पांढरा दोरा काढून दिला. सातही खण उघडे पडलेले तर मी तेवीस तारखेपासून पाहिलेले नाहीत. मुठी बघून आठवतं म्हणावं, तर मुठी चुकीच्या आहेत. सतरा तारखेनंतर सुरू झालेलं विसरणं असं कसं गेलं ते मला कळत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायला हवं.

मी म्हटलं, आई, लगेच बदलून देते.

त्या दोरा तोंडात धरून हसल्या. मग तो काढून म्हणाल्या, “राहू दे. तुझ्या लक्षात येईल तेव्हा बदल.”

लक्षात तर आलेलंच आहे. स्क्रूड्रायव्हर नवऱ्याच्या पेटीत आहे, रविवारी मागून घेईन.